धावपटूच्या वस्तू जपायच्या तर आधी त्यांची शर्यत लिहून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील एकेकाळी ८०० आणि १५०० मीटर धावायचे. त्यांची पदकं, छातीचे नंबर, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), प्रमाणपत्रं, कात्रणं असं सगळं एका ट्रंकेत पडून आहे. यातलं काय ठेवायचं आणि कसं जपायचं? आणि रॉजर बॅनिस्टरचे जुने बूट लाखो पौंडांना विकले जातात, ते नेमकं कशाच्या जोरावर?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर हा ब्रिटिश धावपटू, तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी, एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिला. त्या दिवशी पायात होते ते काळ्या, पातळ चामड्याचे बूट सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात २,६६,५०० पौंडांना गेले. अंदाज ३० ते ५० हजारांचा होता. चामडं म्हणून किंवा कारागिरी म्हणून त्यांची किंमत काही शे पौंडही झाली नसती. पण बूट कोणी बनवले (लंडनचे जी. टी. लॉ), एका बुटाचं वजन किती (साडेचार औंस, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास), ते कोणत्या शर्यतीत वापरले आणि त्यानंतर कुणाकडे राहिले, याची साखळी कुठेच तुटत नव्हती. विकायला काढणारा स्वतः बॅनिस्टर होता. लिलावात मोल झालं ते या साखळीचं. साखळी नसती तर ते फक्त जुने बूट होते.

तुमच्या ट्रंकेतल्या वस्तूंनाही हाच नियम लागू आहे, त्या विकायच्या नसल्या तरी. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंद, मग साठवण. साफसफाई सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा ती करूच नये.

कारकीर्दीचा तक्ता

वस्तूंना हात लावण्याआधी एका वहीत कारकीर्दीचा तक्ता मांडा. वर्ष, तारीख, स्पर्धा, मैदान, अंतर, हीट (प्राथमिक फेरी) की फायनल, वेळ, क्रमांक आणि छातीचा नंबर, एवढे रकाने पुरतात. मध्यम पल्ल्याच्या धावपटूची गोष्ट वेळेच्या उतरंडीतून कळते. बॅनिस्टरचा मैल पाहा: १९४७ मध्ये ४:२४.६, १९५० च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये ४:०९.९, मे १९५३ मध्ये इफ्ली रोडवरच ४:०३.६, मे १९५४ मध्ये ३:५९.४ आणि त्याच वर्षी ७ ऑगस्टला व्हँकुव्हरला ३:५८.८. सात वर्षांत सव्वीस सेकंद कमी झाले, आणि त्यातल्या शेवटच्या जवळजवळ पाच सेकंदांनी सव्वा वर्ष घेतलं. असा तक्ता समोर असला की कोणती वस्तू कुठे बसते हे दिसतं. कोणती किरकोळ वाटणारी वस्तू खरी मोलाची आहे, हेही तेव्हाच कळतं.

बॅनिस्टरच्या बाबतीत हे फार स्पष्ट आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो १५०० मीटरला चौथा आला. पदक नाही. (आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य जिंकलं ते याच ऑलिंपिकमध्ये.) पण तो हरला नसता तर कदाचित १९५४ पर्यंत धावलाच नसता, असं त्याने पुढे सांगितलं आहे. म्हणजे त्याच्या कारकीर्दीत चौथ्या क्रमांकाच्या कागदाचं वजन कित्येक पहिल्या क्रमांकांच्या कपांपेक्षा जास्त. घरातले लोक नेमकं उलटं करतात. चकचकीत कप शोकेसमध्ये जातात आणि हरलेल्या फायनलचा नंबर रद्दीत जातो. तसं करू नका. ज्या शर्यतीनंतर सराव बदलला, प्रशिक्षक बदलला किंवा अंतर बदललं, त्या शर्यतीचा कागदाचा कपटासुद्धा ठेवा.

तक्ता भरताना तीन चुका हमखास होतात.

पहिली, हातघड्याळाची आणि इलेक्ट्रॉनिक वेळ एकत्र लिहिणं. हाताने घेतलेली वेळ एका दशांशापर्यंत लिहितात: १:५२.३. इलेक्ट्रॉनिक वेळ दोन दशांशांपर्यंत: १:५२.३४. हातघड्याळाच्या वेळेपुढे शून्य जोडून १:५२.३० लिहिलं की ती इलेक्ट्रॉनिक वाटते आणि पुढचा वाचणारा फसतो. १०० आणि २०० मीटरला तुलनेसाठी हातवेळेत ०.२४ सेकंद मिळवायची रीत आहे. ती ८०० किंवा १५०० ला लावायची नाही.

दुसरी, मैल आणि १५०० मीटर यांची गल्लत. मैल १६०९.३४४ मीटरचा, म्हणजे फरक १०९ मीटरपेक्षा जास्त. १५०० मीटर ३:५८ मध्ये धावणं आणि मैल ३:५८ मध्ये धावणं यांत मोठी दरी आहे. बॅनिस्टरने ऑगस्ट १९५४ मध्ये बर्नला युरोपियन स्पर्धेत १५०० मीटर जिंकली ती ३:४३.८ मध्ये. तशीच ८०० मीटर आणि जुनी ८८० यार्ड ही जोडी. ८८० यार्ड म्हणजे ८०४.६७ मीटर. जुन्या प्रमाणपत्रावर यार्ड असतील तर तक्त्यात यार्डच लिहा, मनाने रूपांतर करू नका.

तिसरी, मान्य झालेली आणि न झालेली वेळ सरसकट लिहिणं. २७ जून १९५३ रोजी मॉट्सपर पार्कला बॅनिस्टर ४:०२.० धावला, पण ती खऱ्या अर्थाने शर्यत नव्हती, वेग धरून देण्यासाठी रचलेली धाव होती, म्हणून ब्रिटिश मंडळाने ती विक्रम म्हणून मानली नाही. सरावातली, निवड चाचणीतली आणि स्पर्धेतली वेळ वेगवेगळ्या शाईने किंवा वेगळ्या खुणेने लिहा.

पदकं आणि कप

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते, आणि तीही प्रेमापोटी. दिवाळीच्या साफसफाईत पदकं चिंच, लिंबू किंवा भांडी घासायच्या पावडरीने घासली जातात. जिल्हा आणि राज्य पातळीवरची बहुतेक पदकं पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूची असतात, वर मुलामा अगदी पातळ. दोनचार वेळा घासलं की खालचा राखाडी धातू दिसतो. त्याहून वाईट म्हणजे मागच्या बाजूला बारीक कोरलेली अक्षरं झिजतात, आणि वर्ष, अंतर, क्रमांक तिथेच असतो. ती गेली की पदक मुकं झालं.

करायचं इतकंच: सुती हातमोजे घाला, मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, मागची-पुढची बाजू पट्टी शेजारी ठेवून फोटोत घ्या, आणि प्रत्येक पदक वेगळ्या सुती किंवा आम्लरहित कागदात गुंडाळा. काळवंडलेली चांदी काळीच राहू द्या, ती पुटं धातूचं नुकसान करत नाहीत. हिरवट कळंक मात्र पसरतो. तो दिसला तर ते पदक बाजूला काढा, कोरड्या जागी ठेवा आणि वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धकाला दाखवा. पदकांची चळत रबरबँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने चांदी आणि तांबं काळं पडतं. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटांतही नको, त्यातून निघणारं आम्ल धातूला खातं. पॉलिप्रॉपिलिन किंवा पॉलिएस्टरची पाकिटं घ्या.

रिबीन पदकापासून सोडवू नका, पण ती पदकाभोवती गुंडाळूनही ठेवू नका. ओलाव्यात लाल आणि निळा रंग सुटतो आणि धातूवर डाग बसतो. रिबीन सैल घडीत, मध्ये कागद घालून शेजारी ठेवा.

लाकडी शोकेस दिसायला छान, पण नव्या प्लायवूडमधून आणि सागाच्या फळ्यांमधूनही आम्लाची वाफ निघत राहते. बंद काचेच्या आत ती साचते. रंग भाजून बसवलेलं लोखंडी कपाट या कामाला जास्त चांगलं.

छातीचा नंबर

इफ्ली रोडच्या छायाचित्रांत बॅनिस्टरच्या छातीवर ४१ दिसतो. पुढच्या कित्येक पिढ्यांना ती शर्यत ओळखायला हा एक आकडा पुरतो. नंबर म्हणजे शर्यतीच्या यादीतला माणूस आणि छायाचित्रातला माणूस यांना जोडणारी वस्तू. म्हणूनच संग्रहात त्याची जागा मोठी, किंमत काहीही असो.

सेफ्टी पिना काढा. त्या गंजतात आणि गंजाचा डाग कापडातून किंवा कागदातून पुन्हा निघत नाही. मात्र पिनांची भोकं, दुमडलेले कोपरे, चिखलाचे ठिपके तसेच राहू द्या. छायाचित्राशी पडताळणी करताना याच खुणा कामी येतात: भोकं कुठे आहेत, कोणता कोपरा दुमडला आहे, घडी आकड्याच्या कोणत्या रेषेवरून जाते. तीन-चार खुणा जुळल्या तर तोच नंबर त्या शर्यतीचा, असं ठामपणे म्हणता येतं. एकच खूण जुळली तर म्हणू नका.

अलीकडच्या नंबरांच्या मागे वेळ नोंदवणारी चिप फोमवर चिकटवलेली असते. तो फोम काही वर्षांत चिकट होतो आणि शेजारच्या वस्तूला डकतो. ती उचकटू नका, फाटेल. मागे सिलिकॉनचा बेकिंग कागद लावून नंबर सपाट ठेवा. लॅमिनेशन कधीच नको. उष्णता आणि गोंद मिळून जो परिणाम होतो तो पुन्हा उलटवता येत नाही. सेलोटेपचंही तसंच, पाच-दहा वर्षांत पिवळा डाग कागदात मुरतो.

बनियन

धावायचा बनियन धुवायचा की नाही यावर लोक वाद घालतात. माझं मत असं: आजच शर्यत झाली असेल तर सावलीत एक-दोन दिवस पूर्ण वाळवा, आणि त्या बनियनला कारकीर्दीत मोठं स्थान असेल तर धुऊ नका. घाम सुती कापड कमकुवत करतो आणि कसर ओढतो हे खरं आहे. पण कोरड्या, बंद पेटीत हा धोका आटोक्यात राहतो, आणि धुतल्यावर गेलेली माती परत येत नाही. इतर बनियन साध्या गार पाण्यात, साबणाशिवाय धुतले तर चालतात. इस्त्री कशालाच नको. उष्णतेने चिकटवलेली नावं आणि आकडे इस्त्रीने वितळतात, आणि घडीत समोरासमोर आले तर दमट हवेत एकमेकांना चिकटतात. मध्ये बेकिंग कागद घाला. घडी दरवर्षी वेगळ्या जागी घाला, नाहीतर कापड त्याच रेषेवर तुटतं.

डांबराच्या गोळ्या कपड्यांना थेट टेकवू नयेत. त्यांची वाफ प्लास्टिकची छपाई आणि कृत्रिम बटणं मऊ करते. कडुनिंबाचा पाला टाकायचाच असेल तर सुती पुरचुंडीत, कारण ओला पाला डाग पाडतो.

स्पाइक्स

बॅनिस्टरने शर्यतीच्या दिवशी सकाळी इस्पितळाच्या प्रयोगशाळेतल्या दगडी चाकावर बुटांचे खिळे घासून टोकदार केले आणि त्यांना ग्राफाइट लावलं. इफ्ली रोडचा ट्रॅक कोळशाच्या राखेचा होता. ओली राख खिळ्यांना चिकटते, प्रत्येक पावलाला पाय जड होतो, आणि मैलभरात हे वजन शेकडो वेळा उचलावं लागतं. ग्राफाइटमुळे राख कमी चिकटते. आता विचार करा, असे बूट कोणी हौसेने पॉलिश केले आणि खिळे घासून चकचकीत केले, तर घासल्याची रेघ, ग्राफाइटचा माग, राखेचा कण, सगळं एका दुपारीत गेलं. त्या शर्यतीबद्दल बूट जे सांगू शकतात ते सगळं तळाशीच असतं.

चामड्याच्या जुन्या स्पाइक्सना तेल, व्हॅसलिन, पॉलिश काहीही लावू नका. आत आम्लरहित टिश्यू कागद सैल भरा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. नाड्या जशा बांधल्या होत्या तशाच ठेवा, कारण नाडीची ओवण छायाचित्राशी पडताळता येते.

नव्या स्पाइक्सची गोष्ट निराळी आणि जास्त अवघड. ज्यांच्या तळात पॉलियुरेथेन फोम आहे, तो दमट हवेत पाणी शोषून आतून तुटत जातो. दहा-पंधरा वर्षांनी तळ बोटाने दाबला की भुगा होतो. बूट वापरला नाही तरी होतो, किंबहुना बंद डब्यात न वापरता ठेवलेला लवकर जातो. यावर पक्का इलाज नाही, वेग कमी करता येतो एवढंच. थंड, कोरडी जागा, आणि प्लास्टिकच्या हवाबंद डब्याऐवजी हवा खेळणारा पुठ्ठ्याचा डबा. बूट चांगल्या अवस्थेत आहेत तोवर सहाही बाजूंनी फोटो घ्या आणि तळाची जाडी मोजून लिहा. जाडी लिहिण्याला कारण आहे: ८०० मीटर आणि त्याहून लांबच्या ट्रॅक शर्यतींना आधी २५ मिलिमीटरपर्यंत तळ चालत होता, नोव्हेंबर २०२४ पासून २० मिलिमीटरच. कोणत्या काळातली वेळ कोणत्या बुटावर झाली, हे पुढे विचारलं जाणारच.

स्क्रूचे खिळे असतील तर त्यांची लांबी लिहा (सिंथेटिक ट्रॅकवर धावण्यासाठी कमाल ९ मिलिमीटर). पोलादी खिळे गंजायला लागले असतील तर फोटो घेऊन काढा आणि कोणता कुठला होता हे लिहून छोट्या पाकिटात ठेवा. गंजून बसलेला खिळा पान्याने ओढू नका, तळाची प्लेट तडकते.

कागद, फोटो फिनिश आणि घड्याळं

फोटो फिनिशची प्रत किंवा निकालाची चिठ्ठी थर्मल कागदावर असेल तर आजच स्कॅन करा, ६०० डीपीआयवर. असा कागद उन्हात काही दिवसांत आणि कपाटात काही वर्षांत कोरा होतो. मूळ प्रत पीव्हीसीच्या पाकिटात घातली तर त्याहून लवकर. प्रमाणपत्र फ्रेम करायचं असेल तर काच आणि कागद यांच्यात माउंटची ३–४ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. भिंतीवर शक्यतो रंगीत प्रत लावा, मूळ कपाटात. कात्रणांचा कागद मुळातच आम्लयुक्त असतो. त्यावर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख नसेल तर पेन्सिलीने समासात लिहा, स्कॅन करा, आणि ती प्रमाणपत्रांपासून वेगळी ठेवा.

घड्याळांबद्दल एक मुद्दा सविस्तर सांगण्यासारखा आहे. ३:५९.४ ची वेळ दाखवणारी एकापेक्षा जास्त स्टॉपवॉच आहेत, आणि म्हणून काहींना ती बनावट वाटतात. एक लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळाच्या वैद्यकीय विद्यालयात जपलेलं आहे. अधिकृत वेळ घेणाऱ्या चार्ल्स हिल यांचं घड्याळ २०११ मध्ये लिलावात ९७,२५० पौंडांना गेलं. यात गडबड काही नाही. हाताने वेळ घेताना पहिल्या क्रमांकाला तीन अधिकृत घड्याळं लागतात. दोन जुळली तर ती वेळ धरायची, तिन्ही वेगळी निघाली तर मधली. त्यामुळे एका शर्यतीची खरी घड्याळं अनेक असू शकतात. प्रश्न विचारायचा तो असा: हे घड्याळ कुणाच्या हातात होतं, तो अधिकृत होता की बाजूला उभा राहिलेला प्रशिक्षक, आणि हे कुठे लिहिलेलं आहे का?

तुमच्याकडे काट्याचं स्टॉपवॉच असेल आणि ते एखाद्या वेळेवर थांबलेलं असेल, तर बटण दाबून बघू नका, चावी देऊ नका. एका दाबाने काटा शून्यावर जातो. डिजिटल असेल तर आधी साठवलेल्या फेऱ्यांच्या वेळा पडद्यावर आणून फोटो घ्या, मगच सेल काढा. सेल आत राहिला तर गळून सर्किट खातो.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ८०–९० टक्क्यांवर असतो, आणि ६५ च्या वर बुरशी धरायला लागते. पेटीत डिजिटल आर्द्रतामापक ठेवा आणि आकडा ४५ ते ६० च्या दरम्यान राहील असं बघा. पदकं आणि कागदांच्या २०–२५ लिटरच्या घट्ट झाकणाच्या पेटीला २०० ग्रॅम सिलिका जेल पुरतं. नारिंगी रंगाचं घ्या. ते हिरवट झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. पेटी पावसाआधी, मे महिन्याच्या कोरड्या दिवशी भरून बंद करा. भर पावसात पेटी भरली तर तुम्ही ओलावाच आत कोंडता. मराठवाडा-विदर्भात उन्हाळ्याचा त्रास उलटा, ३० टक्क्यांच्या खाली चामडं तडकतं, म्हणून स्पाइक्स पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर नकोत.

चिठ्ठी, आणि पुढे कुणाला

प्रत्येक वस्तूला सुती नाडीने एक कागदी चिठ्ठी बांधा आणि २बी पेन्सिलीने लिहा: तक्त्यातला अनुक्रमांक, स्पर्धा, तारीख, मैदान, अंतर, हीट किंवा फायनल, वेळ, क्रमांक. बॉलपेनची शाई फुटते. खाली आणखी दोन ओळी: ही माहिती कुणी सांगितली, आणि कशावरून. «वडिलांनी सांगितलं, ६ मार्च» हेही चालतं, पण ते छापील निकालावरून पडताळलेलं आहे का, हे वेगळं लिहा. वडील हयात असतील तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. समोर एक-एक वस्तू ठेवून बोलतं करा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. कोणत्या फेरीला कोण पुढे होतं, वारा कुठून होता, कोणत्या लेनमधून सुटले, हे एकदा गेलं की कुठल्या कागदावर सापडत नाही.

शर्यतीनंतर बनलेल्या वस्तू वेगळ्या ठेवा. ब्रिटनच्या टांकसाळीने २००४ मध्ये चार मिनिटांच्या मैलाच्या पन्नास वर्षांनिमित्त ५० पेन्सचं नाणं काढलं. ते सुंदर आहे, पण ते आठवणीचं नाणं आहे, शर्यतीतली वस्तू नाही. सत्काराच्या शाली, ढाली, स्मरणिका यांचंही तेच. त्यांना स्वतंत्र यादी करा.

सगळा संग्रह एकत्र ठेवणं शक्य असेल तर ठेवा. ऑक्सफर्डच्या पेम्ब्रोक कॉलेजात, जिथे बॅनिस्टर १९८५ ते १९९३ मास्टर (कॉलेजचा प्रमुख) होता, भोजनगृहाच्या गॅलरीत त्याच्या ऐंशीहून जास्त वस्तूंचं एक कपाट आहे, धावण्याच्या आणि वैद्यकीच्याही. एका जागी असल्याने त्या एकमेकींना पुरावा देतात. शाळा, क्लब किंवा संग्रहालयाला द्यायचं ठरवलं तर तोंडी देऊ नका. कायमचं दान असेल तर दानपत्र करा. उसनं देत असाल तर करारात मुदत, विमा कोण भरणार, वस्तू साफ करायच्या आधी परवानगी लागेल ही अट, आणि संस्था बंद पडली तर वस्तू कुणाकडे परत येतील, हे चार मुद्दे हवेतच. यादीच्या दोन प्रतींवर दोन्ही बाजूंच्या सह्या, प्रत्येक वस्तूचा फोटो सोबत. एक प्रत संस्थेकडे, दुसरी घरातल्या ज्या व्यक्तीला यात खरोखर रस आहे तिच्याकडे.